आसरांचा फाटा

सारसोळे,
१२ नोव्हेंबर १९८१

टिपणीससाहेबांना खाडीकाठच्या शाळेतून गोटीराम मास्तरचा नमस्कार.

तुम्ही ठाण्याला सुखरूप पोचल्याचं होडीवाल्या देवजीकडून कळलं. तुमची डाव्या पायाची चप्पल मात्र अजून आमच्या चिखलात आहे. देवजीने दोन ओहोट्यांना शोधली. आता ती खाडीची झाली असं समजा आणि उजवी जपून ठेवू नका.

तीन आठवडे तुम्ही आमच्या ओटीवर राहिलात, त्यामुळे घर जरा रिकामं वाटतं. आई तुम्हाला अजून 'तीन पायांचा सायब' म्हणते. मोजणीच्या दुर्बिणीचे पाय कुठले आणि तुमचे कुठले, हे तिला लांबून कळायचं नाही म्हणे.

पत्र लिहायला कारण शाळेचं. उरणला गॅसवर वीज होणार आणि तिची मोठी लाईन आमच्या खाडीवरून जाणार, हे तुम्ही समजावून सांगितलंत. तिच्यातून थेट दिवा लागत नाही, पण तिच्यामुळे नेरूळला सबस्टेशन होईल आणि मग शाळेच्या दोन खोल्यांना पहिलं कनेक्शन, असंही म्हणाला होतात. मी ते संध्याकाळच्या बायकांच्या वर्गात सांगून बसलोय. सतरा बायका येतात. आई पहिल्या रांगेत असते. कंदिलात तिला 'ग' आणि 'म' एकच दिसतात आणि ती माझ्यावर चिडते. शेतं नव्या शहरात गेली, खाडी तेवढी राहिली. आता निदान सही तरी स्वतःची करू दे, असं तिचं म्हणणं. तेव्हा शब्द लक्षात ठेवा.

आणखी एक, सहज विचारतो. खाडीच्या आतल्या फाट्यात मनोऱ्यांसाठी ठोकलेले तुमचे ते दोन खुंट, एकतीस आणि बत्तीस नंबरचे, तिथेच राहणार की अजून हलतील?

आपला,
गोटीराम

•

चरई, ठाणे,
२४ नोव्हेंबर १९८१

प्रिय गुरुजी,

उजवी चप्पल मी कालच बोहारणीला देऊ केली. तिने घेतली नाही.

आईंच्या हातचा जिताडा मी घरी येऊन इतका वर्णन करून सांगितला की स्मिता दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. आम्हा कायस्थांच्या घरात दुसऱ्या बाईच्या माशाची स्तुती करणं हा मोठा गुन्हा आहे. पण खरंच सांगतो, असा मासा ठाण्याच्या बाजारात दिसत नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.

शाळेचा शब्द पक्का. आता खुंटांचं. लाईनला सरळ जायला आवडतं. प्रत्येक वळणावर भारी मनोरा लागतो, जास्त लोखंड, जास्त पाया. आमच्यापुढे तीन वाटा होत्या. एक डोंगराच्या पायथ्याने. तिथे कातकरी वाडीची आंब्याची राई आणि मागचं जंगल तोडावं लागलं असतं. दुसरी शेतांवरून, तिथे आता नव्या शहराचे प्लॉट पडलेत. तिसरी तुमची, खाडीच्या कडेने. तिथे चिखल आणि तिवराची झाडं. सरकारी कागदावर तिवर म्हणजे पडीक.

आमच्या फॉर्मात नववा रकाना आहे, 'जागेचा सध्याचा वापर'. तुम्ही होडीत उभे राहून फाट्याकडे हात केलात आणि म्हणालात, 'आत कोणी जात नाही.' मी तेच लिहिलं: वापर नाही. दहावा 'धार्मिक स्थळ', तिथे रेघ मारली. नकाशा मंजूर झालाय. खुंट हलणार नाहीत, तुम्ही निर्धास्त असा.

तुमचा,
अरविंद टिपणीस

•

सारसोळे,
३ मे १९८२

टिपणीससाहेब, नमस्कार.

पाच महिने माझं पत्र नाही, त्याचा राग मानू नका.

ठेकेदाराची माणसं आली. मनोऱ्याचं सामान आत न्यायला त्यांनी फाट्याच्या तोंडावरच दगडमातीचा भराव घातलाय. ट्रक जाईल एवढा रुंद. तिवराची पहिली फळी तोडून झाली. पाणी आत येत नाही. आतला चिखल तडकायला लागलाय आणि चिखलातले मासे, निवट्या, भरावाच्या कडेला येऊन उड्या मारून परत जातात.

गावात बोलणं चाललंय. लोक म्हणतात, लाईन थोडी सरकवता आली असती. मी त्यांना मंजुरीचं समजावतो, पण कोणाला पटत नाही. शक्य असेल तर जरा बघाल का? शंभर हात जरी इकडेतिकडे झाली तरी चालेल.

आई माझ्याशी बोलत नाही. वर्गालाही येत नाही. जेवायला वाढते, पण ताट सरकवून चुलीकडे तोंड करते. वय झालं की माणसं हट्टी होतात, दुसरं काय.

गोटीराम

•

चरई, ठाणे,
१४ मे १९८२

गुरुजी,

तुमचं पत्र वाचून मी खरोखर चिडलो. म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय, तरी राग पुरता गेलेला नाही.

शंभर हात म्हणजे शाळेतला बाक नव्हे, सरकवला आणि झालं. दोन मनोरे हलले की पुढचे सहा हलतात. लोखंड बेतून झालंय. इकडे ठाण्याला आठवड्यातून दोन दिवस वीज जाते. माझी मेहुणी चारुलता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मागच्या महिन्यात तिने टॉर्चच्या उजेडात बाळंतपण केलं. ही लाईन कुणाच्या चैनीसाठी नाही.

आणि तुम्हीच सांगितलंत ना, आत कोणी जात नाही? मी तीन आठवडे तुमच्या ओटीवर होतो. एकदा तरी म्हणायचं होतंत. 'लोक म्हणतात' हे मला कळत नाही. तुम्ही काय म्हणता ते लिहा.

अरविंद

•

सारसोळे,
२३ मे १९८२

अरविंदराव,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. विचारलं नसतंत तर कदाचित कधीच लिहिलं नसतं.

आत कोणी जात नाही हे खरं. का जात नाही, ते मी सांगितलं नाही.

तो आसरांचा फाटा आहे. सात बहिणी, पाण्यातल्या. त्यांच्या घरात पागाचं जाळं टाकायचं नाही, तिवराची काडी मोडायची नाही, आत थुंकायचंसुद्धा नाही. नवी सून गावात आली की फाट्याच्या तोंडाशी तिवराला हिरव्या बांगड्या अडकवते. मासे धरायचे ते तोंडाबाहेर, आणि तेही दसऱ्यानंतर. हे गाव वसल्यापासून चालू आहे. ज्याने मोडलं त्याला पंचांनी होडी उलटी घालून ठेवायला लावली, वर्षभर.

मी आठ वर्षांचा असताना आईने मला एकदाच आत नेलं, भादव्यात. गुडघाभर चिखलात उभी राहून तिने ओंजळीत पाणी घेतलं. मला त्यात काहीच दिसेना. मग मोहरीएवढे दोन डोळे दिसले, आणि मग आणखी दोन. बाकी अंग काचेचं. म्हणाली, "ह्यो जितारा. आता याला हात लावलास तं मोठा झाल्याव काय खाशील?" तुम्ही जो मासा जेवलात तो त्या फाट्यात वाढून बाहेर आलेला. जिताडा, बोय, चिंबोऱ्या, सगळ्यांची बाळं तिथे राहतात.

मग मी बोललो का नाही? मी कॉलेजची पायरी चढलेला माणूस; तुमच्यासारख्या इंजिनिअरपुढे आसरा म्हणायला जीभ उचलेना. हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं लिहायला तीन दिवस लागले. होडीत बसल्या बसल्या तुम्ही म्हणाला होतात की कुठे देवस्थान निघालं की फाईल वर्षभर अडकते. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर शाळेतला दिवा आला. मी हात केला आणि ते वाक्य बोललो. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात, म्हणून जास्त लागतं.

देवजीने हे आईला सांगितलं. भराव पडला त्या दिवशी ती घरी आली, पाय धुतले आणि म्हणाली, "मना वाटला व्हता सायबानं फसवला." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मला तिच्यापुढे उभं राहवत नाही, अरविंदराव.

गोटीराम

•

चरई, ठाणे,
६ जून १९८२

प्रिय गोटीराम,

सोबत एक फोटो आहे. आधी तो बघा, मग पुढे वाचा.

गेल्या नोव्हेंबरचा आहे. पुढे दिसतो तो एकतीस नंबरचा खुंट, आणि त्याच्यामागे तिवराच्या फांदीवर बांगड्या. मोजल्यात तर बावीस आहेत. मी मोजल्यात.

म्हणजे मी पाहिलं होतं. देवजीला विचारलंसुद्धा, 'हे काय रे?' त्याने नुसतं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पाण्याकडे बघत होतात. आणि मला ते सोयीचं वाटलं. दहाव्या रकान्यात 'होय' लिहिलं की तहसीलदार, पंचनामा, सुनावणी, सगळं आलं. पंधरा दिवसांत नकाशा द्यायचा होता. मी फोटो काढला, खिशात टाकला आणि रेघ मारली. एका होडीत बसून आपण दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो, आणि गेल्या महिन्यात मी तुम्हाला रागावलो. त्याची मला लाज वाटते.

आता कामाचं. माझे वरिष्ठ आहेत रावसाहेब. त्यांना मी लेखी देतोय की नववा आणि दहावा, दोन्ही रकाने माझ्याकडून चुकीचे भरले गेले. तुमचं नाव त्यात नाही, कारण सही माझी होती. पण एवढ्याने भागणार नाही. आसरा म्हटलं तर रावसाहेब हसतील. पिल्लं म्हटली तर थांबतील, कारण मासे खाणारे तेही आहेत. कुठला मासा, कुठल्या महिन्यात, किती पाण्यात, भराव राहिला तर काय होईल, हे मला लिहून हवंय. तुमचं ऐकीव नको. ज्याने पाहिलंय त्याचं हवं.

म्हणजे तुम्हाला आईंना विचारावं लागेल. पावसाच्या आत. पिल्लं यायच्या वेळी तोंड बंद असलं तर पुढचं सगळं बोलणं फुकट आहे.

तुमचा,
अरविंद

•

सारसोळे,
१५ जून १९८२

अरविंदराव,

विचारलं. फोटो दाखवला, तुमचं पत्र वाचून दाखवलं. बराच वेळ ती बांगड्यांवरून बोट फिरवत होती. मग चुलीकडे तोंड करून बोलायला लागली. माझ्याशी नाही, तुमच्याशी. मी नुसता लिहून घेणारा. जसं बोलली तसंच देतोय, शाळेतल्यासारखं सुधारलेलं नाही.

"त्या सायबाला सांगा. मी गोजरा, वरसं साठ झाली आसतील. आषाराचं उधान आला का बोयची बालं येतान, भादव्यान जिताऱ्याची. मोठ्या मच्चीला खोल पानी लागतं, बालांना उथल लागतं, झारांची मुलां (मुळं) लागतान, नायतं मोठी मच्ची त्यांना खाते. झारां नाय तं बालां नाय. बालां नाय तं दिवालीला जाल्यान चिखल येल. पुनवेला नि अवसेला पानी पार आतल्या झाराला लागतं, ते थांबला तं झारां वरीस काढनार नाय. मना इजंचा राग नाय. मना पन दिवा पायजे. पन पाळन्याव खांब कोन रोवतं?"

एवढं बोलून ती उठली आणि टोपली घेऊन निघून गेली. खाली अंगठा आहे, तो परत आल्यावर दिला. 'गो' पर्यंत लिहिता येतं तिला, पण म्हणाली, अर्धं नाव कागदाव नको. हेही तिने चुलीलाच सांगितलं.

गोटीराम

•

चंद्रपूर,
२ फेब्रुवारी १९८३

प्रिय गोटीराम,

पत्ता पाहून ओळखलंच असेल. बदली झाली. शिक्षा कोणी म्हणालं नाही, पण माझ्याबरोबरचे दोघं बढती घेऊन ठाण्यातच आहेत. स्मिता इथल्या तळ्यातल्या माशांना मासे म्हणायला तयार नाही.

जुलैत भराव फोडला हे तुम्हाला माहीतच आहे. त्याआधी काय झालं ते सांगायचं राहिलं. रावसाहेबांनी आईंचा कागद दोनदा वाचला. आधी म्हणाले, दोन सिमेंटचे पाईप घालून पाणी सोडा, भराव राहू दे. मी म्हटलं, पाईपातून पाणी जाईल, आतल्या झाडाला लागणार नाही. ते म्हणाले, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी कागदावरच्या ओळीवर बोट ठेवलं. मग ते अंगठ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'टिपणीस, या बाईने आपला सर्व्हे करायला हवा होता.'

नवी आखणी अशी: फाट्यात मनोरा नाही. एक अलीकडच्या काठावर, एक पलीकडे, दोन्ही जास्त उंच, तारा मधून वरून जाणार. सामान भरतीच्या वेळी होडीने. भराव कुठेच नाही. काठावरची थोडी झाडं जातील. ती मी वाचवू शकलो नाही.

आणि आता वाईट. उंच मनोऱ्यांचं लोखंड नव्याने यायचंय. लाईनला दीड वर्ष उशीर, म्हणजे सबस्टेशनलाही, म्हणजे शाळेलाही. ठाण्यातही तेवढे दिवस टॉर्च. चारुलताने मला एक पत्र लिहिलंय, ते मी पुन्हा वाचत नाही. बरोबर केलं असं मला वाटतं, पण ज्यांना त्याची किंमत पडली त्यांना विचारून केलं नाही, हेही खरं आहे.

आई बोलल्या का?

अरविंद

•

सारसोळे,
९ डिसेंबर १९८४

अरविंदराव,

तुमच्या पत्राला पावणेदोन वर्षं उत्तर दिलं नाही. कारण सांगतो. दिव्याला दीड वर्ष उशीर, हे वाचून मी पत्र घडी घालून ठेवून दिलं. मनात आलं, दिव्यासाठी आई घालवली, आता दिवाही गेला. तुमच्यावर राग काढायला जागा नव्हती, म्हणून मग लिहिलंच नाही. वर्गातल्या सतरा बायकांच्या सहा झाल्या.

ऑक्टोबरात लाईन सुरू झाली. गेल्या महिन्यात शाळेत दिवे लागले. बायका परत यायला लागल्या, बारा आहेत. आईही आली. शेवटच्या रांगेत बसली, पाटीवर 'गोजरा' लिहिलं आणि ती पाटी मला न दाखवता पुसून टाकली. फाटा हिरवा आहे. तडकलेल्या भागात अजून झाडं नाहीत, पण निवट्या आहेत.

आता तुम्हाला लिहावं लागलं ते आज सकाळच्या गोष्टीमुळे. धुकं होतं. आई चिखलातले खुबे काढून परत आली ती टोपलीत एक बगळा घेऊन. मेलेला, राखी, माझ्या हाताएवढे पंख. फाट्यावरच्या तारांखाली मिळाला. या थंडीतला तिसरा. तिने तो माझ्यासमोर ओट्यावर ठेवला आणि म्हणाली,

"गोट्या, लिव."

अडीच वर्षांनी मला नावाने हाक मारली, अरविंदराव. मला आधी कागदच सापडेना.

"सायबाला लिव. खालच्या जाऱ्या तारा पाखरांना दिसतान. सगल्यात वर येक बारीक तार हाय, ती धुक्यान दिसत नाय. पाखरू खालच्या बघून वर चरतं नि तिला आपटतं. आमी झारांना बांगऱ्या घातल्या, म्हनून तुला झार दिसला ना? मंग तारंला बांगऱ्या कोन घालनार?"

मी लिहिलंय. पुढचं तुम्ही बघा.

गोटीराम

•

चंद्रपूर,
२० जानेवारी १९८५

प्रिय गोटीराम,

पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. हात धुऊन परत वाचलं. 'गोट्या, लिव' हे दोन शब्द स्मितालाही वाचून दाखवले. ती म्हणाली, बघायचं काम सगळं आईच करतात, मग तुम्ही दोघं इंजिनिअर आणि मास्तर कशाला झालात कोण जाणे.

आई म्हणतात ते बरोबर आहे. वरची तार विजेची नसते, आभाळातली वीज अंगावर घ्यायला असते आणि बोटभर जाड असते. लाईन आखताना मी जमिनीवर कोण आहे ते विचारलं नाही, आणि वर कोण आहे ते विचारायचं सुचलंसुद्धा नाही. यासाठी आमच्याकडे नियम नाही, फॉर्मही नाही. रावसाहेबांना पत्र लिहिलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: 'बाईंचं म्हणणं असेल तर करून बघा.' इथल्या वर्कशॉपमध्ये भंगारातल्या जाड ॲल्युमिनियमच्या तारेची कडी वळवून घेतलीत. बारा. पांढरी रंगवलीत, हिरवी धुक्यात दिसणार नाहीत. आसरांना एवढं चालवून घ्यायला सांगा. दुरुस्तीसाठी मार्चमध्ये लाईन एक दिवस बंद ठेवणार आहेत, तेव्हा माणसं चढवतील. उपयोग होईल की नाही, मला माहीत नाही. पुढच्या थंडीत टोपली रिकामी आली तर कळेल.

इथे मी नवी लाईन आखतोय, जंगलातून. नवव्या रकान्यात 'वापर नाही' लिहायची वेळ काल परत आली. गावातला माणूस म्हणाला, तिकडे कोणी जात नाही साहेब. मी दुर्बीण खाली ठेवली आणि विचारलं, का?

तो दोन तास बोलत होता.

अरविंद

•

(कार्ड)

सारसोळे,
१९ मार्च १९८५

अरविंदराव,

काल बांगड्या चढल्या. खालून अगदी आईच्या मापाच्या दिसतात. ती सकाळपासून काठावर डोळ्यांवर हात धरून बसली होती, एकेक मोजत. बारा झाल्यावर माणसं खाली उतरायला लागली तशी ओरडली, "आनी वरची?" कासार डझन भरला की वर एक घालतो, फुकट. तिला वाटतं, तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं.

तेव्हा एक बांगडी तुमच्याकडे आहे. पाठवू नका, घेऊन या, स्मितावहिनींनाही आणा. फाट्याच्या तोंडाला जिताडा लागायला लागलाय, आणि आई मला रोज विचारते, सायब कवा येनार. मलाच विचारते.

गोटीराम